ऑपेरा १२ ते ऑपेरा १५: नव्या घरात न पोहोचलेले सामान

२ जुलै २०१३ रोजी नॉर्वेतील ऑपेरा सॉफ्टवेअर या कंपनीने आपल्या ब्राउझरची पंधरावी आवृत्ती विंडोज आणि मॅक या दोन प्रणालींसाठी प्रसिद्ध केली. त्याआधीची डेस्कटॉप आवृत्ती बारावी होती. तेरा आणि चौदा हे क्रमांक डेस्कटॉपवर आलेच नाहीत. प्रत्यक्षात नाव आणि लाल रंगाचे चिन्ह सोडले तर जुन्यातले फारसे काही या आवृत्तीत उरले नव्हते. वेबपान वाचून पडद्यावर मांडणारे इंजिन बदलले होते, खिडकी, म्हणजे बटणे, पट्ट्या आणि टॅब यांची दर्शनी बाजू, नव्याने लिहिली होती, आणि लोकांनी वर्षानुवर्षे हाताळलेल्या कितीतरी सोयी गायब होत्या. या बदलावर जुन्या वापरकर्त्यांची जी नाराजी उसळली तिची दखल पुढे अनेक वर्षे घेतली गेली, आणि त्या नाराजीतूनच एक नवा ब्राउझर जन्माला आला.

या प्रकरणाचा उल्लेख निघाला की दोन ठराविक मते ऐकू येतात. एक मत असे की, लोकांना बदल नकोच असतो, चार दिवस कुरकुर करतात आणि मग सवय होते. दुसरे मत असे की, ऑपेराने स्वतःचे इंजिन सोडले हीच मूळ चूक होती. माझ्या मते दोन्ही मते घटनाक्रमाशी जुळत नाहीत. इंजिन बदलण्याचा निर्णय दुःखद असला तरी त्यामागची कारणे खरी होती. चुकले ते वापरकर्त्याने जमवलेले आणि स्वतःच्या हाताने लावलेले सामान नव्या जागी नेण्याची सोय करण्यात. हे म्हणणे तपासायचे तर आधी बाराव्या आवृत्तीत लोकांनी काय काय लावून ठेवले होते ते पाहावे लागते.

हाताने लावलेली खोली

ऑपेराची सुरुवात १९९४ मध्ये टेलेनॉर या नॉर्वेच्या दूरसंचार कंपनीत एक संशोधन प्रकल्प म्हणून झाली. योन स्टीव्हनसन फॉन टेट्झनर आणि गेइर इव्हारसॉय या दोघांनी १९९५ मध्ये त्याची स्वतंत्र कंपनी केली. सुरुवातीची अनेक वर्षे हा ब्राउझर विकत घ्यावा लागत असे. डिसेंबर २००० मध्ये जाहिरातींसह फुकट आवृत्ती आली आणि सप्टेंबर २००५ मध्ये जाहिरातीही गेल्या. इतर ब्राउझर फुकट मिळत असताना ज्यांनी पैसे मोजून ऑपेरा घेतला होता, ते साहजिकच त्याच्याकडे स्वतःच्या हत्यारासारखे पाहत. सुतार आपल्या रंध्याचे पाते जसे स्वतः लावून घेतो, तसे हे लोक आपला ब्राउझर लावून घेत असत.

आणि लावून घेण्यासारखे त्यात पुष्कळ होते. एकाच खिडकीत अनेक पाने उघडण्याची सोय ऑपेरात अगदी आरंभापासून होती. माउसच्या हालचालींनी आज्ञा देण्याची पद्धत २००१ मध्ये आली: उजवे बटण दाबून माउस डावीकडे ओढला की मागचे पान, खाली ओढला की नवा टॅब. जानेवारी २००३ च्या सातव्या आवृत्तीत प्रेस्टो हे नवे इंजिन आले आणि त्याबरोबर एमटू नावाचा ईमेलचा भागही आला. एमटूमध्ये पत्रे वेगवेगळ्या कप्प्यांत हलवण्याऐवजी सगळी एकाच साठ्यात राहत, आणि पाठवणारा, विषय किंवा खूण यांनुसार ती हवी तशी चाळून पाहता येत. जीमेल येण्याच्या वर्षभर आधीची ही गोष्ट आहे. नव्या टॅबमध्ये आवडीची संकेतस्थळे चित्रांच्या चौकटींत दाखवणारे स्पीड डायल २००७ मध्ये आले, टॅब एकावर एक ठेवून त्यांची चळत करण्याची सोय २०१० च्या डिसेंबरमध्ये आली. शिवाय टिपणे ठेवायला जागा होती, भरलेली नावे आणि पासवर्ड लक्षात ठेवणारी वाँड होती, प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळी मांडणी ठरवता येत होती. पर्याय चालू केला की कीबोर्डवरचे झेड दाबून मागे, एक्स दाबून पुढे, आणि १ व २ दाबून टॅबांमध्ये फिरता येत असे. ज्याला ही अक्षरे आवडत नसत तो ती बदलत असे.

या सगळ्यापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. हे सारे साध्या फाइलींत, एका फोल्डरमध्ये साठवलेले असे. बुकमार्कांची फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर पहिल्या ओळीत ‘ऑपेरा हॉटलिस्ट’ असे लिहिलेले दिसे आणि खाली प्रत्येक दुव्यासाठी चार-सहा ओळी असत: नाव, पत्ता, नोंद केल्याची वेळ. ती फाइल माणसाला वाचता येत होती, हाताने दुरुस्त करता येत होती, दुसऱ्या संगणकावर नुसती उचलून ठेवता येत होती. बाराव्या आवृत्तीचा इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवर स्वतंत्रपणे ब्राउझर बसवण्याचा पर्यायही देत असे. तो निवडला की ब्राउझर आणि त्याचे सगळे सामान एकाच फोल्डरमध्ये राहत असे.

२०११ च्या सुमारास दोन जीबीच्या पेन ड्राइव्हवर मी असाच ऑपेरा बाळगत असे. दिवसभरात वीस गिऱ्हाइके ज्या संगणकावर बसून जातात अशा सायबर कॅफेत स्वतःचा ब्राउझर खिशातून काढून चालवणे म्हणजे किती मोठी सोय होती, हे ज्याने केले त्यालाच कळेल. ड्राइव्ह लावायचा, फोल्डर उघडायचा, फाइलवर दोनदा क्लिक करायचे, आणि काल रात्री घरी उघडे ठेवलेले अकरा टॅब त्याच क्रमाने समोर यायचे. निघताना ड्राइव्ह काढून घेतला की इतिहास आणि पासवर्ड आपल्याबरोबर खिशात परत येत.

इंजिन का सोडले

१३ फेब्रुवारी २०१३ रोजी कंपनीने दोन गोष्टी एकत्र जाहीर केल्या. ऑपेराचे सर्व प्रकारच्या उपकरणांवरचे वापरकर्ते ३० कोटी झाले, ही पहिली. आणि कंपनी प्रेस्टो सोडून वेबकिट (ॲपलच्या सफारीचे इंजिन) व क्रोमियम (गूगल क्रोमचा मुक्त पाया) यांच्याकडे जात आहे, ही दुसरी. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ३ एप्रिलला, गूगलने वेबकिटमधून वेगळे होऊन ब्लिंक हे इंजिन सुरू करत असल्याचे सांगितले आणि ऑपेराही ब्लिंकबरोबर गेला.

प्रेस्टो हे कमअस्सल इंजिन होते म्हणून ते सोडले, असे कोणी समजू नये. वेबच्या मानकांचे पालन करण्यात ते अग्रभागी होते, आणि पानांच्या मांडणीसाठी आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सीएसएसची कल्पना १९९४ मध्ये मांडणारे होकोन विउम ली हेच ऑपेराचे मुख्य तंत्र अधिकारी होते. अडचण संकेतस्थळांकडून होती. पाने लिहिणारे लोक ऑपेरात ती तपासून पाहत नसत. काही जण तर ब्राउझरचे नाव पाहून वेगळेच पान पाठवत. फेब्रुवारी २००३ मध्ये एमएसएन हे संकेतस्थळ ऑपेराला अशी एक शैलीफाइल देत असल्याचे उघडकीस आले की तिच्यामुळे पानावरचा मजकूर डावीकडे सरकून कडेबाहेर जाई. दहावी आवृत्ती २००९ मध्ये आली तेव्हाचा अनुभव याहून बोलका आहे. ब्राउझरचा क्रमांक वाचणाऱ्या अनेक स्क्रिप्टा फक्त पहिला अंक पाहत, त्यामुळे १० चा अर्थ त्या १ असा लावत आणि हा जुनापुराणा ब्राउझर आहे असे समजून पान नाकारत. शेवटी ऑपेराला स्वतःची ओळख कायमची ९.८० अशी सांगावी लागली आणि खरा क्रमांक ओळीच्या शेवटी टाकावा लागला. बारावी आवृत्तीसुद्धा संकेतस्थळांना आपण ९.८० आहोत असेच सांगत असे.

मोबाइलवर तर परिस्थिती आणखी अवघड झाली. आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींचे ब्राउझर वेबकिटवर चालत असल्यामुळे पाने लिहिणारे वेबकिटचा उपसर्ग लावलेलेच, म्हणजे त्या इंजिनालाच कळणारे, मांडणीचे गुणधर्म लिहू लागले, आणि २०१२ मध्ये ऑपेराने ते वेबकिटचे गुणधर्म स्वतःच्या इंजिनात ओळखायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या नावाचे शब्द आपल्या इंजिनाला शिकवायची वेळ आल्यावर स्वतंत्र इंजिन चालवण्याला कितपत अर्थ उरतो, हा प्रश्न कंपनीपुढे खराच होता. एक स्वतंत्र इंजिन कमी झाल्याने वेबचे नुकसान झाले असे मी आजही मानतो. पण त्या जागी बसून मीही कदाचित तोच निर्णय घेतला असता.

मे ते जुलै २०१३

२८ मे २०१३ रोजी पंधराव्या आवृत्तीची चाचणी प्रत आली आणि जुन्या लोकांना पहिला धक्का बसला. जुनी खिडकी नव्या इंजिनावर बसवलेली नव्हती. खिडकीच पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली होती, आणि त्यातले जेवढे तयार झाले तेवढेच समोर ठेवले होते. स्पीड डायल होते, उलट ते अधिक ठळक झाले होते आणि त्यात फोल्डर करता येऊ लागले होते. नंतर वाचायची पाने टाकण्यासाठी स्टॅश नावाची जागा होती, बातम्या सुचवणारे डिस्कव्हर होते, मंद जोडणीसाठी ऑफ-रोड ही, पाने सर्व्हरवर दाबून लहान करून आणणाऱ्या जुन्या टर्बो सोयीची नवी वाट होती. माउसच्या मोजक्या हालचालीही होत्या, पण त्या बदलता येत नव्हत्या.

नव्हते ते असे: नेहमीचे बुकमार्क. ब्राउझरमध्ये बुकमार्क नसणे ही गोष्ट आज सांगितली तर नव्या वाचकाला खरी वाटणार नाही, पण पंधराव्या आवृत्तीत त्यांची व्यवस्था नव्हती. स्पीड डायल आणि स्टॅश यांत भागवावे अशी अपेक्षा होती. ज्याच्याकडे दहा-पंधरा आवडीची संकेतस्थळे आहेत त्याचे त्यात छान भागते. ज्याने दहा वर्षांत तीन हजार दुवे चाळीस फोल्डरांत लावून ठेवले आहेत, त्याला मोठ्या चित्रांच्या चौकटी देऊन काय उपयोग? टिपणे गेली, बाजूची पट्टी गेली, टॅबांच्या चळती गेल्या, स्वतः ठरवलेली अक्षरे गेली, वाँड त्या रूपात गेली. ईमेल ब्राउझरमधून काढून ऑपेरा मेल या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये गेला.

कंपनीचे म्हणणे असे होते की हा पाया आहे, यावर हळूहळू बांधत जाऊ, आणि तोपर्यंत ज्यांना हवे त्यांनी बारावी आवृत्ती वापरावी. सांगणे प्रामाणिक होते, आणि बाराव्या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहिल्या हेही नोंदवले पाहिजे. पण ज्याला ‘अंतिम’ म्हणून प्रसिद्ध केले त्याच्याकडे लोक पाया म्हणून पाहत नाहीत. त्याच नावाखाली, पुढचा क्रमांक देऊन जे येते ते आधीच्यापेक्षा अधिक असणार, असा वाचकाचा सरळ समज असतो.

येथे एका युक्तिवादाचा विचार करायला हवा, कारण तो अशा प्रत्येक पुनर्रचनेत पुढे येतो. अमुक सोय फार थोडे लोक वापरतात, मग ती टिकवण्यात श्रम का घालावेत? एकेका सोयीबद्दल तो खरा असतो. टिपणे थोडे लोक वापरत असतील, चळती थोडे, एका अक्षराच्या कळा थोडे, ईमेल थोडे. पण हे थोडे लोक प्रत्येक वेळी तेच नसतात. ऑपेराकडे लोक येत तेच मुळी अशा कुठल्या ना कुठल्या दुर्मीळ सोयीसाठी, आणि ती दुसरीकडे मिळत नाही म्हणून ते राहत. एकेक सोय वेगळी मोजून सगळ्या कमी केल्या की ज्याची एकही सोय गेली नाही असा जुना माणूस क्वचितच सापडेल. शिवाय हेच लोक घरच्यांच्या आणि कचेरीतल्या सहकाऱ्यांच्या संगणकांवर ऑपेरा बसवून देत असत.

नेता येणे म्हणजे नेमके काय

नाराजी मोजताना बहुतेकांनी गेलेल्या सोयी मोजल्या. सामान हलवण्याच्या प्रश्नाकडे तेवढे लक्ष गेले नाही, म्हणून तिथे जरा थांबतो.

पेन ड्राइव्हवरचाच प्रश्न घ्या. स्वतंत्र स्थापनेचा पर्याय नव्या ऑपेरातही राहिला, पण त्याखालची जमीन बदलली. विंडोजवर क्रोमियम साठवलेले पासवर्ड विंडोजच्याच संरक्षण-व्यवस्थेतून कुलूपबंद करतो, आणि त्या कुलपाची किल्ली त्या संगणकावरच्या त्या खात्याशी बांधलेली असते. फोल्डर पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्या संगणकावर नेला की ब्राउझर उघडतो, पण पासवर्ड उघडत नाहीत. जुन्या वाँडची फाइल कुठेही चालत असे. पण मुख्य पासवर्ड लावलेला नसेल तर ती चोराच्या हातीही तितक्याच सहज उघडत असे. म्हणजे येथे सुरक्षेच्या बदल्यात ने-आण गेली, आणि हा सौदा काही अगदीच वाईट नव्हता. मात्र वापरकर्त्याला तो सौदा समजावून सांगणारे कोणी नव्हते. त्याला दिसले ते एवढेच की काल चालत होते आणि आज चालत नाही.

लिनक्सवरच्या लोकांचे याहून वाईट झाले. बारावी आवृत्ती विंडोज, मॅक, लिनक्स आणि फ्रीबीएसडी या सर्वांवर चालत असे, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वेगवेगळ्या प्रणालींवर ऑपेरा नेण्यासाठी कंपनीने स्वतः मोठे कष्ट घेतले होते. पंधरावी लिनक्सवर आलीच नाही. त्यांना पुढची स्थिर आवृत्ती मिळाली ती सव्विसावी, डिसेंबर २०१४ मध्ये, म्हणजे दीड वर्षाने. इतका काळ कोणी दारात उभे राहत नाही. फ्रीबीएसडीचे नाव तर यादीतून गेलेच.

बुकमार्कांची रीतसर व्यवस्था ऑक्टोबर २०१४ च्या पंचविसाव्या आवृत्तीत परत आली. नंतर परत दिले म्हणून आधीची वाट पाहणे भरून निघत नाही, कारण सव्वा वर्षात माणूस आपले तीन हजार दुवे उचलून दुसरीकडे बिऱ्हाड करतो, आणि एकदा केलेले बिऱ्हाड पुन्हा हलवण्याचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. याच काळात, मार्च २०१४ मध्ये, कंपनीने माय ऑपेरा ही सेवाही बंद केली, जिथे लोकांची छायाचित्रे, लेखन आणि ईमेलचे पत्ते होते. म्हणजे एका वर्षाच्या आत त्याच माणसाला दोनदा सामान बांधावे लागले.

फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने असाच मोठा बदल कसा हाताळला ते शेजारी ठेवून पाहता येते. फायरफॉक्सची सत्तावन्नावी आवृत्ती १४ नोव्हेंबर २०१७ रोजी आली आणि जुन्या पद्धतीची सगळी विस्तारके, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, एका दिवसात निकामी झाली. त्यावरही रोष झाला, आणि तो रास्त होता. परंतु जुनी पद्धत जाणार हे ऑगस्ट २०१५ मध्येच सांगितलेले होते, आणि ज्यांना वेळ हवा होता त्यांच्यासाठी बावन्नाव्या आवृत्तीची दीर्घ मुदतीची शाखा सप्टेंबर २०१८ पर्यंत चालू ठेवली होती. मुख्य म्हणजे बुकमार्क, पासवर्ड, इतिहास हे सारे त्याच प्रोफाइलमध्ये, म्हणजे वापरकर्त्याचे सामान ठेवणाऱ्या फोल्डरमध्ये, जागच्या जागी होते. विस्तारके गेली, पण घरातली कपाटे हलली नाहीत.

आपल्याकडे महाराष्ट्रात ऑपेरा हे नाव डेस्कटॉपपेक्षा फोनमुळे अधिक घरांत पोहोचले, आणि तिथले एक उदाहरण नेण्या-आणण्याच्या प्रश्नाचीच दुसरी बाजू दाखवते. बटणांच्या जावा फोनांवर देवनागरी अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी दिसत. ऑपेरा मिनी या फोनवरच्या ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी ‘कॉन्फिग’ हा इंग्रजी शब्द आणि त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे लिहिली की पर्यायांची एक यादी उघडत असे; तिच्यात गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी अक्षरांची चित्रे वापरावीत का, असा एक प्रश्न असे. तिथे ‘होय’ करून जतन केले की त्याच फोनवर मराठी वृत्तपत्र वाचता येई. फोनमध्ये मराठी फाँट नसला तरी चाले, कारण ऑपेराचा सर्व्हर अक्षरे चित्ररूपात पाठवत असे. कितीतरी जणांनी ही खूण एकमेकांना तोंडी सांगितली. सामान्यांच्या नजरेआड ठेवलेला एक पर्याय, फार थोड्यांनी उघडलेला. पण ज्यांनी तो उघडला त्यांच्यासाठी मराठी वेब तिथून सुरू झाले.

लोक कुठे गेले

काही जण बाराव्या आवृत्तीतच राहिले. दरवर्षी काही संकेतस्थळे त्यांच्यासाठी बंद होत गेली, तरी ते राहिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांच्यासाठी विंडोजवर १२.१८ आली. काही फायरफॉक्सकडे गेले आणि विस्तारके जमवून जुनी खोली उभारत बसले. काहींनी २०१३ मध्येच ऑटर नावाचा मुक्त ब्राउझर लिहायला घेतला. बाराव्या आवृत्तीची खिडकी पुन्हा उभी करणे हाच त्याचा उघड हेतू होता.

आणि काही जण फॉन टेट्झनर यांच्यामागे गेले. त्यांनी २०१० मध्ये ऑपेराचे मुख्याधिकारीपद सोडले होते आणि २०११ मध्ये कंपनीही. २७ जानेवारी २०१५ रोजी त्यांच्या नव्या कंपनीने व्हिवाल्डी या ब्राउझरची पहिली चाचणी प्रत दाखवली, आणि ६ एप्रिल २०१६ रोजी पहिली पूर्ण आवृत्ती आली. टॅबांच्या चळती, टिपणे, बाजूची पट्टी, बदलता येणाऱ्या कळा आणि माउसच्या हालचाली हे सारे तिच्यात होते. इंजिन मात्र ब्लिंकच होते, ऑपेरा १५ मध्ये होते तेच. प्रेस्टो गेल्यामुळे लोक रागावले होते असे मानले तर हेच लोक त्याच इंजिनावर आनंदाने राहायला का गेले, याचे उत्तर देता येत नाही.

व्हिवाल्डीत दुसरीकडचे सामान आणण्याची खिडकी उघडली की क्रोम आणि फायरफॉक्स यांच्या नावांबरोबर ऑपेराच्या जुन्या बुकमार्क फाइलीचाही पर्याय दिसतो. नोटपॅडमध्ये वाचता येणारी तीच फाइल, पहिल्या ओळीत हॉटलिस्ट लिहिलेली. ती निवडली की फोल्डर जसेच्या तसे उभे राहतात. ईमेलला मात्र वेळ लागला. व्हिवाल्डीचा ईमेलचा भाग, सगळी पत्रे एकाच साठ्यात ठेवून चाळून दाखवणारा, पूर्ण स्वरूपात आला तो जून २०२२ मध्ये, ऑपेराने एमटू ब्राउझरबाहेर काढल्यानंतर नऊ वर्षांनी.